दालच्यातली भाजी

यवतमाळकडच्या आपल्या घरांत पूर्वीही गोश्त शिजायचं, पण दालच्यात. डाळ आणि दुधी भरपूर, बोट्या मोजक्या. सोबत ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी. आता शाळेत मुलांचे डबे उघडले की मैद्याचा रोल आणि कबाब दिसतात, भाजी क्वचितच.

आमच्या मोठ्या अब्बांना शौचातून रक्त जायचं. मूळव्याध असेल म्हणून, आणि लाजेपोटी, त्यांनी वर्षभर कुणाला सांगितलं नाही. शेवटी नागपूरच्या तपासणीत मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. तो खाण्यामुळेच झाला, असं कुणी डॉक्टर ठामपणे सांगू शकत नाही. वय, आनुवंशिकता, तंबाखू, दारू, लठ्ठपणा हीदेखील कारणं असतात. पण ताटातलं तरी आपल्या हातात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं की, सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं, तर या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. मीठ लावून टिकवलेलं मांसही त्यातच येतं. मटणासारखं लाल मांस 'बहुधा कारणीभूत' या गटात आहे. उलट ज्वारी, डाळी, भाज्यांतल्या चोथ्याने मळ आतड्यात फार काळ साचून राहत नाही आणि धोका कमी होतो.

गोश्त हलाल आहे, म्हणून ते रोज हवंच असं नाही. ईदचं गोश्त महिनाभर फ्रीजमध्ये भरून ठेवण्यापेक्षा जास्त वाटावं. आणि रक्त दिसलं, तर लाज सोडून त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जावं. मोठ्या अब्बांचं ते एक वर्ष आता कुणीच परत आणू शकत नाही.