सुबह-ए-काज़िब, सुबह-ए-सादिक

सहरीची वेळ कधी संपते, हे आता आपण मशिदीच्या छापील तक्त्यात पाहतो. असे तक्ते नव्हते तेव्हा लोक पूर्वेकडे पाहत. पूर्वेला पहाट दोनदा होते, हे त्यांना ठाऊक होते. आधी येते ती सुबह-ए-काज़िब, म्हणजे खोटी पहाट. क्षितिजावरून वर चढत गेलेला निमुळता, दुधी उजेड. फिकहच्या किताबांत त्याला लांडग्याच्या शेपटीची उपमा आहे. तो दिसला तरी खाणे थांबवायची गरज नसते. त्यानंतर येते सुबह-ए-सादिक, खरी पहाट. तिचा उजेड क्षितिजावर आडवा पसरत जातो आणि रोजा तिथून सुरू होतो. लहानपणी गावी गच्चीवर अब्बांनी मला दोन्ही दाखवल्या होत्या. पहिल्या उजेडाकडे बोट करून ते एवढेच म्हणाले होते, "ठहरो, अभी नहीं."

या खोट्या पहाटेला खगोलशास्त्रात राशिप्रकाश म्हणतात. ग्रहांच्या दरम्यान पसरलेल्या बारीक धुळीवर सूर्याचा उजेड पडतो आणि विखुरतो, तोच हा. शंभरेक वर्षांपूर्वी त्याच्या अभ्यासासाठी नॉर्वेचा एक शास्त्रज्ञ इजिप्त आणि सुदानात येऊन राहिला होता. त्याचे नाव क्रिस्तियान बिर्केलँड. जगाला तो माहीत आहे तो मात्र दुसऱ्या एका उजेडामुळे. उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात रात्री हिरवे-तांबडे पडदे हलतात. इंग्रजीत त्यांना अरोरा म्हणतात, उर्दूत कुतबी रोशनियां.

या रोशनीचे आणि होकायंत्राचे नाते जुने आहे. १७४१ साली स्वीडनमधील उप्साला येथे सेल्सिअस आणि त्यांचे सहकारी योर्टर यांनी पाहिले की आकाशात अरोरा हलू लागला की होकायंत्राची सुईही थरथरते. ज्या कुतुबनुमाने आपण किबल्याची दिशा काढतो, त्याच्या सुईला शंभर किलोमीटर उंचीवरच्या उजेडाची खबर कशी लागते? बिर्केलँडने या प्रश्नाला आपले आयुष्य वाहिले.

१८६७ साली ख्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो शहरात त्याचा जन्म झाला. १८९९-१९०० च्या हिवाळ्यात उत्तर नॉर्वेतील हाल्दे डोंगराच्या माथ्यावर त्याने वेधशाळा थाटली. त्या मोहिमेत त्याचा एक तरुण सहकारी हिमकडा कोसळून मेला. तरीही १९०२-०३ मध्ये त्याने नॉर्वे, आइसलँड, स्पिट्सबर्गन आणि नोवाया झेम्ल्या अशी चार ठाणी उभारली आणि चारही ठिकाणी चुंबकीय नोंदी ठेवल्या. प्रयोगशाळेत त्याने पृथ्वीच्या जागी एक चुंबकीय गोळा घेतला, तो निर्वात पेटीत ठेवला आणि त्यावर विद्युतकणांचा झोत सोडला. गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांभोवती उजेडाची कडी उमटली.

या कामाला पैसा लागत होता. त्यासाठी त्याने विजेची तोफ बनवली, पण जाहीर प्रात्यक्षिकातच ती बिघडली आणि ठिणग्यांचा लोळ उठला. विजेच्या अशाच ज्वाळेतून पुढे हवेतल्या नायट्रोजनचे खत बनवण्याची पद्धत त्याने साम आयडे यांच्यासोबत उभी केली. १९०५ साली त्यातून मोठी कंपनी निघाली. पैसा आला, तो पुन्हा आकाशाच्या अभ्यासात गेला.

चार ठाण्यांच्या नोंदींवरून त्याने १९०८ साली मांडले की सूर्याकडून विद्युतकण येतात, आणि पृथ्वीच्या चुंबकीय रेषांच्या वाटेने अवकाशातून प्रचंड विद्युतप्रवाह खाली उतरतात, अरोराच्या पट्ट्यातून आडवे वाहतात आणि परत वर जातात. सुई हलते ती या प्रवाहांमुळे.

ब्रिटनचे मोठे गणिती शास्त्रज्ञ सिडनी चॅपमन यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते हे प्रवाह वरच्या वातावरणातच फिरत होते, अवकाशातून काही उतरत नव्हते. चॅपमन यांचा दबदबा असा की बिर्केलँडची कल्पना कित्येक वर्षे बाजूला पडली. यातली खरी अडचण मला फार विचार करण्याजोगी वाटते. जमिनीवर कितीही होकायंत्रे मांडली, तरी फक्त त्यांच्या नोंदींवरून दोघांपैकी खरा कोण हे ठरवणे शक्यच नव्हते. दोन्ही रचनांचा जमिनीवरचा परिणाम सारखाच दिसू शकतो. निवाड्यासाठी वर जाणे भाग होते.

वर जायला १९६० चे दशक उजाडावे लागले. १९६२ मध्ये मरिनर-२ या यानाने सूर्याकडून अखंड वाहणाऱ्या विद्युतकणांची खात्री पटवली. १९६३ मध्ये सोडलेला अमेरिकी नौदलाचा एक उपग्रह सुमारे ११०० किलोमीटर उंचीवरून फिरत होता. अरोराच्या पट्ट्यावरून जाताना त्याच्या मापकाला हिसके बसत. झमुडा आणि सहकाऱ्यांनी ते १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षी त्यांचा अर्थ लागला: हे तेच उतरणारे-चढणारे प्रवाह. आज त्यांना बिर्केलँड प्रवाह म्हणतात. ते दहा लाख अँपिअरच्या घरात असतात, आणि वादळात त्याहून वाढतात. १३ मार्च १९८९ च्या चुंबकीय वादळात कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली आणि साठ लाख लोक अंधारात बसले.

आपल्या मुंबईचाही या कथेत वाटा आहे. २ सप्टेंबर १८५९ रोजी, आजवरच्या सर्वात मोठ्या ज्ञात वादळांपैकी एकाच्या वेळी, कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद हाताने लिहिली गेली. ती नोंद २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह जगापुढे आणली. एवढी तीव्र आणि अल्पकाळची घसरण पाहून काही संशोधक म्हणतात, अरोराचे प्रवाहच त्या दिवशी दक्षिणेकडे सरकले असावेत. त्यावर वाद अजून चालू आहे.

नववीच्या वर्गात हे सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, "टीचर, ये सब अपने यहां पहलेच से लिखा है ना?" हा प्रश्न मला दरवर्षी येतो. मुलगी श्रद्धेनेच विचारते, म्हणून तिला गप्प करणे मला पटत नाही. मी म्हटले, "बेटा, दुसऱ्याने शोधून झाल्यावर जे आपल्याला आपल्याकडे सापडते, ते त्याआधी आपल्याला का सापडले नाही?" वर्ग शांत झाला. मग मी फळ्यावर दोन पहाटा काढल्या. आपल्या बुजुर्गांनी खऱ्या-खोट्याचा फरक कसा शिकवला ते सांगितले: डोळ्यांनी पाहा, लगेच ठरवू नका, उजेड पसरू द्या. आपल्या मजहबचा मान दुसऱ्याच्या शोधावर आपले नाव टाकून वाढत नाही. ही सवय आपल्या मुलांच्या अंगी उतरली तर वाढतो. उर्दू शाळेतून शास्त्रज्ञ निघायचा असेल तर तो या सवयीतूनच निघेल.

बिर्केलँडला स्वतःलाही ही कसोटी चुकली नाही. अरोराच्या बाबतीत तो खरा ठरला. पण इजिप्तच्या वाळवंटात ज्या दुधी उजेडासाठी त्याने आपली प्रकृती झिजवली, तोही विद्युतकणांचाच खेळ आहे हे त्याचे मत टिकले नाही. ती साधी धूळ निघाली. निद्रानाशाने त्याला ग्रासले होते, झोपेच्या औषधाची सवय जडली होती. महायुद्धामुळे युरोपची वाट अवघड झाली, म्हणून तो पूर्वेकडून घरी निघाला. १५ जून १९१७ रोजी टोकियोच्या एका हॉटेलात, वयाच्या ४९ व्या वर्षी, औषधाच्या अतिमात्रेने तो गेला. १९९४ साली नॉर्वेने दोनशे क्रोनरच्या नोटेवर त्याचे चित्र छापले. त्याची पहाट सादिक ठरली, पण ती पाहायला तो नव्हता.