रात्री दोनची घंटी



मिरजेत सारा जन्म काढलेल्या एक आजी मुलाकडे बेळगावात राहायला आल्या. वय ऐंशीच्या पुढे, मधुमेह, त्यात विसर पडू लागलेला. दिवसा सांभाळायला येणारी बाई कानडी. आजींना कानडी कळत नाही. आम्ही भेटीला गेलो की त्या कधी घाम पुसत भलतंच बोलायच्या, कधी चिडायच्या. ‘वय झालं,’ असं म्हणून आम्ही प्रार्थना करून परतायचो.

मग डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला मागच्या बाजूने सेन्सर लावला. नाण्याएवढी चकती, १४ दिवस चालणारी. कातडीखालच्या द्रवातली साखर ती सतत मोजते आणि मोबाइलवर दाखवते. तेव्हा उलगडा झाला. आजी भलतं बोलायच्या तेव्हा साखर ७० च्या खाली गेलेली असायची. गोळी घेतल्याचं विसरून त्या पुन्हा घ्यायच्या आणि जेवण राहून जायचं. आम्ही ज्याला म्हातारपणाचा हट्ट समजलो, ती मदतीची हाक होती. आम्ही प्रभूची क्षमा मागितली, आजींचीही.

आजी चकती उपटायला बघायच्या. “हे काय चिकटवलंय गे?” दर वेळी मराठीत, पहिल्यांदाच सांगतोय अशा शांतपणे सांगावं लागायचं.

एका रात्री दोन वाजता निपाणीतल्या लेकीच्या मोबाइलवर घंटी वाजली. आकडा ५८. भाऊ फोन उचलेना, म्हणून तिने जवळच राहणाऱ्या आम्हाला उठवलं. आम्ही जाऊन दार ठोठावलं. आजी जाग्या होत्या, गिळू शकत होत्या. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. १५ मिनिटांनी बोट टोचून तपासलं, कारण सेन्सरचा आकडा रक्तातल्या साखरेच्या थोडा मागे चालतो. साखर अजून कमीच होती. पुन्हा साखरपाणी दिलं. मग आजींनी आम्हाला नावाने ओळखलं.

घरी परतताना एलीया आठवला (१ राजे १९). रानात खचून झोपलेल्या त्या संदेष्ट्याला देवदूताने आधी उपदेश केला नाही. स्पर्श करून उठवलं आणि खायला दिलं. एकदा नव्हे, दोनदा.

सेन्सर महाग आहे, सगळ्यांना परवडणार नाही. पण वारांप्रमाणे गोळ्यांचा डबा भरून देणं, दूरच्या लेकरांना आपला नंबर देणं, हे मंडळीतल्या कुणालाही जमेल. एवढं मात्र ध्यानात ठेवा : माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखान्यात न्या.

यंत्र घंटी वाजवतं. दार ठोठावायला माणूसच लागतो.

हे प्रभू, तुझ्या हाकेला आम्हाला जागं ठेव. आमेन.