तळचा स्फटिक

बोटाच्या नखावर मावेल असा आरपार दिसणारा चौकोनी तुकडा. बाजू 5 मिलिमीटर, जाडी अर्धा मिलिमीटर. हा स्ट्रॉन्शियम टायटनेटचा स्फटिक. आमच्या भाषेत सब्स्ट्रेट. व्हॅक्यूम चेंबरमधल्या हीटरवर तो सिल्व्हर पेस्टने चिकटवायचा, सातशे-आठशे अंशांपर्यंत तापवायचा आणि समोरच्या ऑक्साइडच्या टिकलीवर लेसर सोडायचा. टिकलीतून उडालेलं द्रव्य झळाळत येतं आणि स्फटिकावर थरावर थर बसत जातं. दहा-वीस नॅनोमीटर झाले की फिल्म तयार.

सुरुवातीची काही वर्षं माझं सगळं लक्ष या फिल्मकडे असे. खालचा स्फटिक म्हणजे नुसती बैठक, असं मी धरून चालले होते. एकदा एका नमुन्याचा रोध थंड करताना इतका झपाट्याने उतरला की मी रात्रीच माझ्या गाइडना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "कोरा स्फटिक मोजलास का?" दुसऱ्या दिवशी फिल्म न चढवता तसाच एक तुकडा त्याच व्हॅक्यूममध्ये तापवला आणि मोजला. त्याचाही रोध तसाच उतरला. व्हॅक्यूममध्ये तापलं की स्ट्रॉन्शियम टायटनेटमधला ऑक्सिजन निघून जातो आणि एरवी विद्युतरोधक असलेला हा स्फटिक स्वतःच वीज वाहू लागतो. मी फिल्म समजून सब्स्ट्रेट मोजत होते.

त्यानंतर मी लोके आणि सहकाऱ्यांचा 1998 सालचा शोधनिबंध पुन्हा काढून वाचला. लँथॅनम, स्ट्रॉन्शियम आणि तांबं यांचं एक ऑक्साइड एरवी 25 केल्विनला अतिवाहक होतं, म्हणजे त्याचा रोध शून्यावर येतो. तेच त्यांनी स्ट्रॉन्शियम लँथॅनम अ‍ॅल्युमिनेटवर वाढवलं. या स्फटिकातलं अणूंमधलं अंतर फिल्मच्या अंतरापेक्षा जेमतेम अर्धा-पाऊण टक्का कमी. फिल्म आडवी आवळली गेली, उभी ताणली गेली आणि 49 केल्विनला अतिवाहक झाली. स्ट्रॉन्शियम टायटनेटमधलं अंतर मात्र फिल्मच्या अंतरापेक्षा तीन टक्क्यांहून अधिक मोठं. तिथे फिल्म आडवी ताणली जाते आणि तापमान 10 केल्विनच्या आसपास घसरतं. द्रव्य तेच! सगळं श्रेय या ताणाला द्यायला मात्र मी तयार नाही. आवळलेली फिल्म ऑक्सिजनही वेगळ्या प्रमाणात धरते, आणि हे दोन परिणाम सुटे करणं फार अवघड आहे.

कधी कधी तर अतिवाहकता फिल्ममध्येही नसते आणि सब्स्ट्रेटमध्येही नसते. ती असते दोघांच्या सांध्यात. ओटोमो आणि ह्वांग यांनी 2004 मध्ये दाखवलं, की स्ट्रॉन्शियम टायटनेटवर लँथॅनम अ‍ॅल्युमिनेट चढवलं तर दोन विद्युतरोधकांच्या मधून वीज वाहते. 2007 मध्ये तोच सांधा 0.2 केल्विनला अतिवाहक झाला. त्यासाठी खालच्या स्फटिकाचा शेवटचा थर टायटॅनियमचाच हवा. म्हणून आम्ही स्फटिक हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवतो, भट्टीत तापवतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली 0.39 नॅनोमीटर उंचीच्या पायऱ्या दिसेपर्यंत पुढे जात नाही.

एक निकेलेट, म्हणजे निकेलचं ऑक्साइड, 80 केल्विनला अतिवाहक होतं हे 2023 मध्ये कळलं, पण त्यासाठी वातावरणाच्या लाखाहून अधिक पट दाब लागत होता. त्याचीच पातळ फिल्म आता कोणत्याही दाबाशिवाय 40 केल्विनच्या आसपास अतिवाहक होऊ लागते. तिच्याखाली आहे तोच 1998 सालचा स्ट्रॉन्शियम लँथॅनम अ‍ॅल्युमिनेट.

माझ्या विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत प्रत्येक पानाची पहिली ओळ सब्स्ट्रेटची असते: कोणता, कधी धुतला, किती तापवला. फिल्मचं नाव त्याच्या खाली येतं.