चिंदी आणि लाल शाई

महाविद्यालयात मी मराठी शिकवतो आणि राष्ट्रीय छात्रसेनेचा अधिकारी म्हणून खाकी घालून मिरवतोही. व्याकरण आणि बंदूक ही सोयरीक जमवली ती आमच्या हवालदारसाहेबांनी.

चांदमारी आटोपली, की ते .२२ च्या रायफली साफ करायला सर्वांना बसवीत. आधी बोल्ट काढायचा, नळी रिकामी असल्याची खात्री करायची. मग फुलथ्रूच्या दोरीत चिंदी अडकवून दोरी मागून सोडायची आणि तोंडाकडून सरळ, एका दमात ओढायची. शिशाचा अन् दारूचा मळ चिंदीबरोबर निघतो. कोरडी चिंदी स्वच्छ आली, की गंज धरू नये म्हणून तेलाची. पुढच्या चांदमारीआधी ते तेल पुन्हा पुसायचे.

एकदा उत्साहाच्या भरात मी दोरी तिरपी धरून खसाखसा ओढू लागलो. हवालदारसाहेबांनी माझा हात धरला.

"सर, गोळी नळीला खात नाही तेवढी ही दोरी खाते. तोंडाची कड झिजली, की नेम गेलाच म्हणून समजा!"

त्या रात्री निबंधाच्या वह्या तपासायला घेतल्या. एका वहीत मुलाच्या निळ्या शाईपेक्षा माझी लाल शाईच जास्त होती. हाच मुलगा जूनमध्ये मला कविता दाखवायला येई. मी त्या अगदी शुद्ध करून परत देई. हल्ली तो नुसते "हो सर" म्हणतो.

दुसऱ्या दिवशी त्याला घरी चहाला बोलावले. तो आला, चहाही प्याला. कविता मात्र आणली नव्हती.

मी अजून वाट पाहतो आहे.