शर्मिंदी बिल्लीच्या मुलखात

आमच्या जालन्याला ‘सोन्याचा पालना’ म्हणतात. कापूस, मोसंबी, बियाणे, लोखंडी सळया यांची इथे रेलचेल. घनदाट जंगल मात्र नाही. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, बाकी बाभळी, लिंब आणि माळरान. रात्री पिंगळा ओरडतो, वटवाघळे फिरतात, एवढेच आमचे रात्रीचे जग.

तरीही जंगलातला एक प्राणी आमच्या घरात आला होता, तोही सुरम्याच्या बाटलीतून. खालाजानची नजर धूसर होऊ लागली तेव्हा बाजारातल्या एका फिरत्या विक्रेत्याने सांगितले, “शर्मिंदी बिल्लीच्या डोळ्यांचा सुरमा आहे. तिला अंधारात दिसते, तुम्हालाही दिसेल.” खालांनी वर्षभर तो घातला. डॉक्टरांकडे नेले तेव्हा कळले, काचबिंदू आहे. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. एक डोळा गेला. दुसरा औषधाच्या थेंबांवर टिकून आहे, अलहम्दुलिल्लाह.

गेल्या हिवाळ्यात आम्ही भाईजानकडे मडगावला निघालो, तेव्हा खाला म्हणाल्या, “बेटी, तिकडं ते जनावर असतं म्हणतात. खरंच आहे का, बघून ये.”

गोव्याच्या दक्षिण टोकाला काणकोण तालुक्यात खोतीगाव अभयारण्य आहे. त्याच्या कडेला भाईजानच्या एका मित्राचे कुळागर आहे. सुपारी, नारळ, केळी, मिरीचे वेल आणि मागे सरळ जंगल. इशाची नमाज झाल्यावर आम्ही बाहेर पडलो. मित्राने बॅटरीच्या काचेवर लाल कागद बांधला होता. पांढरा झोत या प्राण्याच्या डोळ्यांना सोसत नाही. तासभर नुसते रातकिडे. मग एका वेलीच्या गुंत्यात दोन तांबडे निखारे चमकले.

मराठीत याला लाजवंती म्हणतात. नावात बिल्ली असली तरी ही मांजर नाही, माकडांच्या गणातला लहानगा जीव आहे. वजन जेमतेम पाव किलो, अंग वीतभर, शेपूट नसल्यासारखेच. हातपाय काटक्यांसारखे, आणि त्या चिमुकल्या तोंडावर दोन प्रचंड डोळे. डोळ्याच्या मागच्या बाजूला आरशासारखा पडदा असतो. पडद्यावरून प्रकाश उलटून पुन्हा नजरेच्या कामी येतो. अंधारात दिसण्याचे रहस्य एवढेच. ते जिवंत डोळ्यात काम करते, खलबत्त्यात कुटून बाटलीत उतरत नाही.

लाजवंती उडी मारत नाही. एक हात सोडण्याआधी बाकीचे घट्ट धरते आणि फांदीवरून फांदीवर सावकाश सरकते. हातापायांत रक्तवाहिन्यांचे असे बारीक जाळे आहे की तासन्‌तास फांदी पकडूनही ते आखडत नाहीत. आम्ही पाहत असताना तिने थबकून दोन्ही हातांनी एक किडा झडप घालून पकडला. मुंग्या, भुंगे, इतरांना न पचणारे विषारी किडेही ती खाते. दिवसा अंगाचा गोळा करून दाट पाल्यात झोपते. पिल्लू लहान असेल तर आई त्याला फांदीवर ठेवून चरायला जाते आणि पहाटे घेऊन येते.

उडी येत नसल्याने झाडाला झाड लागून असणे ही तिची गरज आहे. मध्ये रस्ता रुंद झाला की तिचा मुलूख तुटतो. तमिळनाडूने 2022 साली करूर आणि दिंडिगल जिल्ह्यांत 11,806 हेक्टरवर खास लाजवंतीसाठी अभयारण्य जाहीर केले, देशातले पहिले. 1972 च्या वन्यजीव कायद्यात तिला पहिल्या परिशिष्टाचे, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण आहे. तरीही डोळ्यांच्या औषधासाठी आणि जादूटोण्यासाठी तिला पकडतात. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईच्या शिक्षेची हदीस आपण लहानपणी ऐकलेली असते. जादूटोणा तर आपल्या दीनमध्ये मोठा गुन्हा. मग असा सुरमा आपल्या घरात येतोच कसा?

घरी आल्यावर खालांना सगळे सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “पाव किलोचं जनावर. त्याचे डोळे काढून किती बाटल्या भरणार? त्यानं मला काळी भुकटी विकली असेल.”

बाटलीत काय होते, अल्लाह जाणे. काही सुरम्यांत शिसे असते, हे डॉक्टरांनी सांगितलेच होते. दोन दिवसांनी शेजारची एक बाई नातीच्या डोळ्यांसाठी तोच सुरमा मागायला आली. खालांनी बाटली दिली नाही. बुरखा चढवला, मुलीचा हात धरला आणि म्हणाल्या, “चल, आधी डॉक्टरला दाखवू.”