आकडा अर्धा, भीती पूर्ण!

ऑनसाइट जाणाऱ्याला निघण्याआधी तीन गोष्टी हमखास मिळतात. आईकडून मेतकूट, ऑफिसकडून लॅपटॉपची बॅग आणि तिकडे आधीच पोचलेल्या कुणाकडून तरी सल्ला, ‘काळ्यांच्या एरियात फिरकू नकोस हं!’ माझी मैत्रीण शिकागोला निघाली तेव्हा ग्रुपवर सल्ल्याबरोबर पुरावाही आला. ‘१३ टक्के लोकसंख्या, ५० टक्के खून.’ खाली लाल अक्षरांत, ‘आकडे खोटं बोलत नाहीत.’

नाहीच बोलत. पण ते निवडून पाठवणारे बोलतात ना!

पत्रकारितेच्या कोर्सने मला एक खोड लावली. आकडा दिसला की आधी विचारायचं, सोर्स कोण? नोव्हेंबर २०१५मध्ये, निवडणूक प्रचाराच्या धामधुमीत, डोनाल्ड ट्रम्प यांनी ट्विटरवर एक तक्ता टाकला. गोऱ्यांचे ८१ टक्के खून म्हणे कृष्णवर्णीय करतात. सोर्स? ‘क्राइम स्टॅटिस्टिक्स ब्युरो, सॅन फ्रान्सिस्को’. गंमत म्हणजे अशी संस्थाच नव्हती! मारणारा कोण हे कळलेल्या खुनांचा एफबीआयचा २०१४चा हिशेब सांगत होता की हे प्रमाण साधारण १५ टक्के आहे. गोऱ्यांना मारणारे ८२ टक्के लोक गोरेच होते. यात नवल काय? मारणारा बऱ्याचदा घरातला, ओळखीतला नाहीतर गल्लीतला असतो. आणि तिथल्या गल्ल्याच रंगानुसार वाटल्या गेल्यात.

तेरा-पन्नासवाला फॉरवर्ड मात्र जास्त डेंजर, कारण तो सपशेल खोटा नाही. २०१९मध्ये वंश माहीत असलेल्या मारेकऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त कृष्णवर्णीय होते. पण त्याच वर्षी खून झालेल्यांतही निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीयच होते. हे दुसरं वाक्य फॉरवर्डमधून अलगद गळतं. ज्यांची मुलं सर्वात जास्त मारली जातात, त्यांनाच आपण घाबरायचं!

आता साधी त्रैराशिकं मांडू. त्या वर्षी देशभरात खून झाले सोळा हजारांच्या आसपास. त्यातले निम्म्याहून थोडे जास्त म्हणजे नऊएक हजार धरू. कृष्णवर्णीय लोक चार कोटींवर. म्हणजे चार-पाच हजारांत एक. त्या एकासाठी उरलेल्या सगळ्यांकडे संशयाने बघायचं?

मग शिकागोच्या काही वस्त्यांतच इतका हिंसाचार का? तिथला इतिहास बघा. १९३०च्या दशकात सरकारी नकाशांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या ‘धोकादायक’ म्हणून लाल रंगवल्या गेल्या. सरकारी हमीचं घरकर्ज तिथे मिळेना. पुढे कारखाने गेले. साउथ साइडचा अवाढव्य पोलाद कारखाना ‘साउथ वर्क्स’ १९९२मध्ये बंद झाला. नोकऱ्या गेल्या, बंदुका राहिल्या. दोष रक्तातच असता, तर न्यूयॉर्कचं काय? तिथे १९९०मध्ये २,२००हून जास्त खून झाले, २०१७मध्ये तीनशेहून कमी. शहरातले कृष्णवर्णीय काही सातपटीने घटले नव्हते.

‘फॉरवर्डच तर आहे, सोड ना यार’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९८९मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये जॉगिंग करणाऱ्या गोऱ्या तरुणीवर बलात्कार झाला. पोलिसांनी १४ ते १६ वर्षांची पाच मुलं पकडली. चार कृष्णवर्णीय, एक लॅटिनो. घटनास्थळावरचा डीएनए कुणाशीच जुळला नाही. तरी ती दोषी ठरली आणि कित्येक वर्षं आत राहिली. कारण शहराला ‘अशी मुलं असंच करतात’ हे आधीच पाठ होतं. २००२मध्ये खऱ्या गुन्हेगाराने कबुली दिली, त्याचा डीएनए जुळला आणि पाचही जणांची शिक्षा रद्द झाली. पण गेलेली वर्षं कोण परत देणार?

मैत्रिणीने सावध जरूर राहावं. रात्री उशिरा कुठली ट्रेन टाळायची, कुठला रस्ता सुनसान असतो, हे बिनधास्त विचारावं. आपण मुंबई-पुण्यातही विचारतोच की! फक्त विचारताना रस्त्याचं नाव विचारावं, माणसाचा रंग नको. आणि शेजारची कृष्णवर्णीय बाई लिफ्टमध्ये ‘हाय’ म्हणाली, तर पर्स घट्ट धरण्याऐवजी उलट ‘हाय’ म्हणावं. मेतकूट तर आहेच, चव दाखवायला!