वाऱ्याच्या स्वाधीन

मासे धरण्याच्या ज्या अनेक रीती जगांत रूढ आहेत, त्यांत स्कॉटलंड व आयर्लंड येथील मोठ्या सरोवरांवरची एक रीत मला फार चित्तवेधक वाटते. तेथें ट्राउट नांवाचा थंड पाण्याचा मासा असतो. त्याच्यासाठीं होडी वाऱ्याला आडवी धरावयाची, वल्हीं आंत घ्यावयाचीं, आणि वारा नेईल तिकडे तिला वाहूं द्यावयाचें. गळवाले पुढच्या पाण्यांत आंखूड दोरी फेंकतात. गळाला पिसें व रेशीम गुंडाळून केलेली खोटी माशी असते. ती हलकेच ओढीत आणून, होडी तिच्यावर येण्यापूर्वींच उचलावयाची. पाणी आरशासारखें शांत असलें तर हे लोक हिरमुसतात. कारण लाटेमुळेंच माशाला होडी व दोरी नीट दिसत नाहींत. वारा फार झाला तर वाऱ्याकडच्या अंगास एक कापडी छत्री दोरीनें पाण्यांत सोडतात. ती पाण्यानें भरून फुगते व होडीचा वेग आवरते.

इंग्रजी अमदानींत हा मासा काश्मीरांत व निलगिरीवर आणून सोडला गेला आणि तेथें रुजला. आमच्या इगतपुरीचें उन्हाळ्यांत तापणारें पाणी त्याला मानवणारें नाहीं.

नववीच्या वर्गांत मीं हें वर्णन करीत असतां एक मुलगा उठून म्हणाला, "सर, वारा सुटला म्हणजे माझे बाबा जाळें टाकून काठाला येतात."

त्याचे वडील दारणेच्या जलाशयावर मासे धरतात. हें धरण १९१६ सालीं पुरें झालें. होडी घेण्याची ऐपत नाहीं. मालमोटारीच्या चाकाची फुगविलेली ट्यूब, आणि तिच्यावर बसून हातांतल्या फळकुटांनीं वल्हवणें. सायंकाळीं जाळें लावावयाचें, पहांटे काढावयाचें. विलायती गळवाला ज्या वाऱ्याची वाट पाहतो, तोच ह्या माणसाला भर पाण्यांत ओढून नेतो.

"ती छत्री ट्यूबला बांधतां येईल का?" मुलानें विचारलें. ह्याचें उत्तर माझ्याजवळच्या पुस्तकांत नव्हतें.

शनिवारीं दुपारीं आम्ही तिघे काठावर गेलों. सिमेंटच्या रिकाम्या गोणीच्या तोंडाला तारेचें कडें बसविलें, तळाला लहानसें भोंक पाडलें आणि दोरी बांधली. वडील उथळ पाण्यांतच ट्यूबवर बसले. गोणी प्रथम नुसती तरंगत राहिली. मुलानें कड्याच्या एका अंगास दगड बांधला, तेव्हां ती बुडून भरली. ट्यूब थांबली नाहीं. परंतु मघांपेक्षां पुष्कळ सावकाश चालली, आणि तिचें गरगर फिरणें बंद झालें. तरंगतें जाकीट अंगांत असल्याशिवाय ह्या गोणीचा भरंवसा धरूं नये, हें मीं दोघांनाहि बजावलें. पोहतां येतें एवढ्यावर निर्धास्त असणाऱ्या इतर पालकांनींहि तें ऐकावें.

वडील ओल्या अंगानें बाहेर आले, गोणी उलटी करून पाणी झाडलें आणि म्हणाले, "गुरुजी, दोरी अजून वावभर लांब पायजे."